नाव वाचा, मग काच पाहा

मनमाडहून पानेवाडीकडे निघालं की टँकरच्या रांगा सुरू होतात. भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम, इंडियन ऑइल, तिघांचाही कारभार या परिसरात. भारत पेट्रोलियमच्या मुंबईतल्या माहुल रिफायनरीपासून पेट्रोल-डिझेल आणणारी सुमारे अडीचशे किलोमीटरची पाइपलाइन इथे पोचते आणि पुढे इंदूरजवळच्या मांगल्याकडे जाते. माहुलची ही रिफायनरी 1955 साली सुरू झाली तेव्हा ती बर्मा-शेलची होती. जुन्या पेट्रोल पंपांच्या वस्तू जमवणाऱ्याला तेल कंपन्यांचा हा वंशवृक्ष तोंडपाठ हवा, कारण पंपाच्या डोक्यावरच्या काचेच्या ग्लोबचं वय आधी सांगतं ते त्यावरचं नाव.

हा ग्लोब म्हणजे दुधी काचेचा पोकळ दिवा. आत बल्ब पेटला की अंधाऱ्या रस्त्यावर दुरूनच कळायचं, पेट्रोल कुणाचं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्यांची चलती होती. शेलने तर ग्लोबलाच शिंपल्याचा आकार दिला होता.

आता नावं. बर्मा-शेल ही कंपनी भारतात 1928 साली स्थापन झाली, 1976 साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि 1977पासून तिचं नाव भारत पेट्रोलियम झालं. त्यामुळे बर्मा-शेलचा ग्लोब कुणी ‘1920 सालचा’ म्हणून दाखवला, तर काच न्याहाळायचीही गरज नाही. कॅलटेक्सचा जन्म 1936चा. स्टॅनव्हॅक म्हणजे स्टँडर्ड व्हॅक्युम 1933ची. 1962मध्ये ती मोडली आणि भारतातला तिचा कारभार एस्सोच्या नावाने चालू लागला. 1974मध्ये एस्सोचं हिंदुस्थान पेट्रोलियम झालं, 1978मध्ये कॅलटेक्सही त्यात विलीन झाली. ‘इंग्रजांच्या अमदानीतला, इथल्याच पंपावरचा’ म्हणून एस्सोचा ग्लोब समोर आला, तर विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारावेत.

नाव जुळलं की मग काच. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या ग्लोबमध्ये काच अखंड असे आणि अक्षरं कोरलेली किंवा भट्टीत भाजलेली. पुढे धातूच्या कड्यात दोन बाजूंना दोन गोल काचा बसवू लागले. त्यांचा व्यास बहुधा 15 किंवा साडेसोळा इंच. 1930च्या दशकात प्लास्टिकचं धड आलं, त्यातली काच साडेतेरा इंचांची. प्लास्टिक दिसलं म्हणजे नक्कलच, असं समजणं चूक आहे. एका चांगल्या ग्लोबला त्यापायी मुकावं लागतं.

ब्रिटिश ग्लोब हातात आला तर तो उलटा करून गळ्यापाशी वाचा. हा माल शेल-मेक्स आणि बीपीचा आहे, मागताच परत करावा, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर अनेक ग्लोबवर असतो. काहींवर काच बनवणाऱ्याची ‘हेलवेअर’ ही छापही असते. ‘मागताच परत करावा’ म्हणजे असा ग्लोब पंपमालकाचा नसायचा, कंपनीचा असायचा. मला या वस्तूबद्दल जिव्हाळा वाटतो तो या एका ओळीमुळे. ती वाचली की शोभेची वस्तू बाजूला पडते आणि एका धंद्याची शिस्त समोर येते.

त्यानंतर नखाने अक्षराची कड हलकेच चाचपा. भाजलेला रंग काचेशी एकजीव झालेला असतो. वरून मारलेला रंग कडेला पापुद्र्यासारखा सुटतो. गळ्याची कड पाहा. वर्षानुवर्षं लोखंडी कड्यात बसलेल्या काचेवर घासल्याच्या खुणा, बारीक टवके, गंजाचा डाग असा अनियमित झिजलेपणा येतो. सगळीकडे सारखाच मळ असेल, तर तो मुद्दाम चोपडलेला असू शकतो. बर्मा-शेलच्या नावात ‘बर्मा’च्या जुन्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटी ‘एच’ असतो, तोही तपासा. नवी नक्कल नवी म्हणूनच विकली, तर त्यात गैर काही नाही. जुन्याची किंमत लावली की ती फसवणूक.

आणि ग्लोब घेताना तो कुठल्या गावच्या, कुठल्या रस्त्यावरच्या पंपावरून उतरला, ते विचारून लिहून ठेवा. त्या पंपाचं जुनं बिलबुक किंवा ग्लोबसकटचा फोटो मिळाला, तर तोही घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. दिवा लावायचाच असेल तर कमी वॅटचा एलईडी लावा, जुन्या काचेला बल्बची उष्णता सोसेलच असं नाही.