रापणीचे दोन दोर आणि अभियांत्रिकीचे पहिले वर्ष

दहावी-बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रात एक बातमी बहुतेक दरवर्षी वाचायला मिळते : निकालात कोकण विभाग राज्यात पहिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा हा विभाग. मालवण, देवगड, वेंगुर्ले येथील पुष्कळ मुले पुढे अभियांत्रिकीकडे वळतात. कोणी कणकवलीला, कोणी कऱ्हाड-सांगलीला, तर कोणी पुण्या-मुंबईला जाते. आणि मग पहिल्याच सत्रात यांपैकी काही गुणी मुलांच्या वाट्याला आयुष्यातले पहिले अपयश येते. ‘आपण हुशार नव्हतोच की काय?’ या शंकेने ती खचतात. काही जण शिक्षण सोडून घरी परतण्याचाही विचार करतात. ही शंका कितपत खरी आहे, ते आपण शास्त्राच्या रीतीने तपासून पाहू.

निवडणे आणि मांडणे

राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत भौतिकी आणि रसायन या विषयांचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नाला पुरता एक मिनिटही मिळत नाही. उत्तरे चार दिलेली असतात, त्यांतून एक निवडायचे. अशा परीक्षेची तयारी करताना मनाला एक सवय लागते : प्रश्न पाहिला की सूत्र आठवायचे आणि आकडे घालायचे.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी नेमकी हीच सवय आड येते. तेथे प्रश्न कोणत्या सूत्राचा आहे हे कोणी सांगत नाही. उलट, प्रश्नाची मांडणी करणे हेच मुख्य काम असते. उत्तर चुकले तरी मांडणी बरोबर असेल तर गुण मिळतात. नुसत्या उत्तराला मात्र फारसे मोल नसते.

किनाऱ्यावरचे यामिकी

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिले असेल. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे दोन बाजूंनी ओढतात. जाळे जवळ येऊ लागले की दोन्ही टोळ्या एकमेकींकडे सरकत जातात. आता विचारा : जाळ्यावर एकूण ओढ किती?

येथे सूत्र शोधण्याआधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात. दोन्ही दोर एकाच जागी बांधले आहेत असे आपण धरू. लाटांचा जोर सध्या सोडून देऊ. मग जाळे एका ठिपक्याने दाखवून त्यावरची बले बाणांनी काढू. समजा, प्रत्येक टोळी १००० न्यूटन बलाने ओढते आहे. दोरांमध्ये १२० अंशांचा कोन असेल तर परिणामी बल फक्त १००० न्यूटन येते. कोन ६० अंशांचा झाला की तेच सुमारे १७३२ न्यूटन होते. माणसे तीच, त्यांची ताकदही तीच, पण कोन बदलल्याने ओढ पाऊणपट वाढली.

हे गणित अकरावीच्या सदिशांपलीकडचे नाही. अवघड आहे ते काय धरायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे. वर्षभराच्या यामिकीत हेच पुन्हा पुन्हा करावे लागते.

जो दरवाजा दिसत नाही

दुसरा धसका असतो तो ड्रॉइंगचा. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, ते कागदावर काढायचे. सिंधुदुर्ग किल्ला आठवा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. मालवणच्या धक्क्यावरून पाहिले तर तटबंदी दिसते, पण महाद्वार सहज दिसत नाही, कारण ते बुरुजांच्या वळणात दडलेले आहे. मात्र किल्ल्याचा वरून काढलेला नकाशा पाहिला की ते कोठे आहे ते चटकन कळते. एका दिशेने पाहून वस्तू पुरती समजत नाही, म्हणूनच दोन-तीन दृश्ये काढावी लागतात.

गंमत अशी, की हे शास्त्र घडले तेच किल्ल्यांच्या प्रश्नातून. गास्पार मोंज (१७४६–१८१८) हा फ्रेंच गणिती तरुणपणी एका लष्करी विद्यालयात काम करीत होता. शत्रूच्या माऱ्यापासून बचाव होईल असा किल्ल्याचा आराखडा करायला तेव्हा लांबलचक आकडेमोड लागे. मोंजने ते काम आकृत्यांनी इतक्या लवकर केले, की अधिकाऱ्याने आधी उत्तर तपासायलाच नकार दिला! पुढे कित्येक वर्षे ही रीत लष्करी गुपित म्हणून राखली गेली. तेव्हा पहिल्या महिन्यात हा विषय डोळ्यांपुढे उभा राहिला नाही, तर त्यात नवल नाही. साबणाची वडी कापून ठोकळे करा आणि ते हातात फिरवून पाहा. नजर हळूहळू तयार होते.

बाकीच्या अडचणी

घरापासून दूर राहणे, मेसच्या ताटात मासळी नसणे, वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारताना जीभ अडखळणे, या अडचणीही खऱ्याच आहेत. भाषेसाठी एक वही करा. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा आणि उजवीकडे त्याचा अर्थ आपल्या मराठीत. शंका पहिल्या आठवड्यातच विचारा, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे. कोणी छळ केला तर गप्प बसू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे.

आजच करून पाहा

शिक्षकांनी हा प्रयोग नववीतच करून घ्यावा. एक किलोची पिशवी दोन ताणकाट्यांना दोऱ्यांनी टांगा. दोन्ही दोऱ्या उभ्या व समांतर असताना प्रत्येक काटा अर्धा किलो दाखवील. आता काटे दोन्ही बाजूंना सारखे दूर न्या. दोऱ्यांमधला कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक काटा एक किलो दाखवील, आणि १५० अंशांवर जवळजवळ दोन किलो! मात्र काटा वाचण्याआधी प्रत्येकाने आकृती काढून आपला अंदाज वहीत लिहावा. अंदाज चुकला तर का चुकला, तेही त्याखाली लिहावे.

ज्याला ही सवय शाळेत लागली, त्याला पहिले वर्ष परके वाटणार नाही. आणि जो आज पहिल्या सत्रात अडखळला आहे, त्याने एवढे ध्यानात ठेवावे : त्याची बुद्धी कमी पडलेली नाही, काम बदलले आहे. नवे काम शिकायला वेळ लागतोच, आणि ते शिकता येते.