तार आधी आली, संवाद मागाहून

आपल्याकडे इंटरनेटचा जन्म १५ ऑगस्ट १९९५चा मानतात. त्या दिवशी विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी सेवा सुरू केली, म्हणून ती तारीख पाठ झाली. पण मुंबई आणि अमेरिका यांच्यातली संगणकाची कायमची जोडणी त्याआधी सहा वर्षांची आहे. १९८९ साली जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, या संस्थेतून अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या यूयूनेट कंपनीपर्यंत लीज्ड लाइन सुरू झाली. अमेरिकेत तेव्हा हजारो मराठी कुटुंबे होती, गावोगावी त्यांची मंडळे होती, त्या मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून काम करत होते. दोन्हीकडे माणसे होती आणि मधे तारही होती. तरीही महाराष्ट्रातला साधा वाचक आणि अमेरिकेतला मराठी माणूस यांच्यात या वाटेने मोकळे बोलणे सुरू व्हायला आणखी पंधराएक वर्षे गेली. हा उशीर केवळ तंत्रज्ञानाच्या मागासलेपणाने झाला असे समजणे सोयीचे आहे, पण ते अपुरे आहे. दोन समाज एकमेकांशी बोलू लागावेत यासाठी तारेखेरीज तीन गोष्टी लागतात: परवडणारे दार, आपली लिपी आणि दोन्ही टोकांना ते काम आपले मानणारी माणसे. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत कमी दिसते आणि तीच निर्णायक ठरते, असे मला वाटते. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर रशियन आणि अमेरिकन लोकांनी उभारलेली जाळी मराठी अनुभवाशेजारी ठेवली की हे नीट दिसते.

आधी जुहूची गोष्ट. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन १९८६ साली 'अर्नेट' नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ भागीदार होते. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी हे या कामाच्या आघाडीवर होते. पुढे २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेल जाऊ-येऊ लागली, मग अॅमस्टरडॅमच्या गणित आणि संगणकशास्त्र संस्थेशी डायल-अप संपर्क झाला आणि त्यानंतर अमेरिकेची लाइन आली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या लाइनवरून पाठवायचा तर चाळीसहून अधिक मिनिटे लागली असती, आणि तीच लाइन देशभरच्या संशोधकांत वाटून घेतलेली होती. काम मोठेच होते. पण त्याची रचना पाहा. हे जाळे संस्थांचे होते. ज्याच्या नावापुढे संस्थेचे नाव, त्यालाच पत्ता. पवईतला विद्यार्थी बोस्टनच्या प्राध्यापकाला लिहू शकत होता. पवईच्या प्रवेशद्वाराबाहेरचा दुकानदार बोस्टनमधल्या आपल्या भावाला लिहू शकत नव्हता.

अमेरिकेच्या टोकाला चित्र उलटे होते. तिथल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नेटवर्क प्रवेशाबरोबरच मिळत असे. यूजनेट या जुन्या चर्चाव्यवस्थेत भारतीयांसाठी गट निघाले, त्यांतून भाषावार शाखा फुटल्या आणि मराठीचाही स्वतंत्र गट झाला. यजमान देशात एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याला ती मोठी सोय होती. मात्र हे बोलणे बहुतांशी परदेशस्थ मराठी माणसांचे आपापसांतले होते. मिशिगनमधला टेक्सासमधल्याशी बोलत होता आणि दोघे मिळून महाराष्ट्राबद्दल बोलत होते. महाराष्ट्र त्या बोलण्यात विषय म्हणून होता, बोलणारा म्हणून जवळजवळ नव्हता.

तो का नव्हता याचे पहिले उत्तर दाराच्या किमतीत आहे. १९९१ साली साऱ्या भारतात टेलिफोन जोडण्या सुमारे ५० लाख होत्या आणि लोकसंख्या ८४ कोटींच्या पुढे. १९९५ साली विदेश संचार निगमची सेवा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा महानगरांत सुरू झाली. वैयक्तिक ग्राहकाला २५० तासांसाठी ५,००० रुपये मोजावे लागत. संगणक, मॉडेम आणि फोनचे बिल वेगळे. हे सगळे भिवंडीजवळच्या राहनाळसारख्या गावातून पाहिले तर अंतर कसे मोजावे असा प्रश्न पडतो. जुहूची ती लाइन राहनाळपासून रस्त्याने ४० किलोमीटरच्या आसपास. पण भिवंडीचा टेलिफोन कोड ०२५२२, म्हणजे मुंबईच्या ०२२ या जाळ्याबाहेरचा. घरात फोन नाही, संगणक पाहिलेला नाही, आणि आसपासच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या माणसाला ५,००० रुपये ही वर्षाच्या बजेटात न बसणारी रक्कम. जुहूहून व्हर्जिनिया जवळ होते, राहनाळ लांब होते. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली, सायबर कॅफे निघाले आणि तासावर पैसे देऊन नेट वापरता येऊ लागले, तेव्हा कुठे हे दार थोडे किलकिले झाले.

दुसरे उत्तर लिपीचे. सुरुवातीच्या जाळ्यांवर मराठी लिहायची तर रोमन अक्षरांत. त्यात थोडी शिस्त यावी म्हणून अविनाश चोपडे यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी 'आयट्रान्स' ही पद्धत आणि प्रणाली तयार केली. ठरावीक रोमन अक्षरे टाइप केली की छापताना देवनागरी मिळे. परदेशस्थ भारतीयांनी ती खूप वापरली. इकडे भारतात १९९१ साली भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक ठरले होते. पण मानक ठरणे वेगळे आणि बाजाराने ते पाळणे वेगळे. प्रत्येक फॉन्टवाल्याने आपली मांडणी वेगळी ठेवली. 'शिवाजी' फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर 'श्रीलिपी'त उघडला की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसे. मराठी दैनिकांची संकेतस्थळे निघाली तेव्हा ज्याचे पान वाचायचे त्याचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे. रशियन लोकांनाही हाच त्रास झाला. त्यांच्याकडेही एकाच लिपीचे तीन-चार संकेत एकमेकांशी भांडत होते. पण त्यांच्या 'कोई-८' या संकेतात एक हुशारी होती. त्यातली सिरिलिक अक्षरे अशा क्रमाने बसवलेली होती की वाटेतल्या एखाद्या जुन्या यंत्राने प्रत्येक अक्षराचा आठवा बिट गाळून टाकला तरी उरलेला मजकूर रोमन अक्षरांत कसाबसा वाचता येई. ज्यांनी ही सोय केली त्यांनी गृहीत धरले होते की आपला मजकूर परक्या, निष्काळजी यंत्रांतून जाणार आहे आणि तरीही तो पोचला पाहिजे. आपल्याकडे देवनागरी सरळ पाठवणे आणि वाचणे सोपे झाले ते युनिकोड हे सर्व लिपींचे सामाईक मानक घराघरातल्या संगणकांत पोचल्यावर, म्हणजे विंडोज २००० आणि एक्सपी यांच्यानंतर.

आता तिसऱ्या अटीकडे, म्हणजे दोन्ही टोकांच्या माणसांकडे येतो. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतल्या मंडळींनी १९९० साली 'रेलकॉम' हे जाळे सुरू केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीमार्गे ते बाहेरच्या जगाशी जोडले. वर्षभराने, १९ ते २१ ऑगस्ट १९९१ या दिवसांत मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला. दूरचित्रवाणीवर बंडवाल्यांचा ताबा होता. रेलकॉमवर मात्र शहराशहरांतले लोक आपापल्या खिडकीतून काय दिसते ते लिहून कळवत होते आणि बाहेरचे लोक परदेशी वाहिन्यांवरच्या बातम्या टाइप करून आत पाठवत होते. हे शक्य झाले कारण दोन्ही बाजूंना लिहिणारे बसले होते. पुढे जानेवारी १९९४ मध्ये याच तत्त्वावर एक छोटा उपक्रम निघाला. टेनेसी विद्यापीठातले ग्रेग कोल आणि मॉस्कोच्या दक्षिणेला असलेल्या पुश्चिनो या विज्ञाननगरीतल्या नताशा बुलाशोवा यांनी 'फ्रेंड्स अँड पार्टनर्स' सुरू केले. दोन्ही देशांतल्या सामान्य लोकांनी एकमेकांचा इतिहास, कला, शिक्षण, आरोग्य यांबद्दल माहिती घ्यावी, पत्रे लिहावीत, एकत्र कामे काढावीत, एवढाच हेतू. अमेरिकनाने रशियनांसाठी काढलेले किंवा रशियनाने अमेरिकनांसाठी काढलेले असे त्याचे स्वरूप नव्हते. एक संपादक इकडे, एक तिकडे. त्यातून १९९८ साली दोन देशांच्या संशोधकांसाठी 'मिरनेट' हे वेगवान जाळे आले आणि २००४ साली अमेरिका, रशिया आणि चीन यांना जोडणारे 'ग्लोरियाड'. याच ग्लोरियाडचा २००९ साली जो विस्तार झाला त्याला 'ताज' असे नाव दिले गेले आणि त्यात भारतही आला. दोन माणसांच्या पत्रव्यवहारातून निघालेला धागा पंधरा वर्षांत आपल्यापर्यंत पोचला.

मराठीत याच्या जवळ जाणारी गोष्ट घडली, पण टप्प्याटप्प्याने. १९९६च्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून 'मायबोली' सुरू केली. आरंभी ती परदेशस्थांचीच होती. पुढे पुण्या-मुंबईचे लिहिणारे तिच्यात आले, ऑनलाइन गणेशोत्सव आणि दिवाळी अंक निघाले, महाराष्ट्रात पावसाळी 'वर्षाविहार' भरू लागला, तेव्हा तिचे दुसरे टोक तयार झाले. २००३ साली महाराष्ट्र दिनी मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ साली महेश वेलणकरांचे 'मनोगत' आले, २००७ साली 'मिसळपाव' आणि 'उपक्रम'. या सगळ्यांत मराठी देवनागरीत थेट लिहिली जात होती आणि लिहिणारा न्यू जर्सीचा की नाशिकचा हे वाचताना आपोआप कळत नव्हते. नेटवर्कच्या बाहेरचे एक उदाहरण हेच सांगते. १९७८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या महाराष्ट्र फाउंडेशनने सुनील देशमुख यांच्या पुढाकाराने १९९४पासून साहित्याचे आणि समाजकार्याचे पुरस्कार देणे सुरू केले. पैसा तिकडचा, पण निवड इथल्या जाणकारांनी करायची. पुढे पुण्याच्या साधना ट्रस्टने ती जबाबदारी सांभाळली. देणारा आणि घेणारा असे नाते न होता दोन भागीदारांचे नाते झाले, म्हणून ते टिकले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: हे सगळे काळानेच सुटले असते. फोन स्वस्त झाले, युनिकोड आले, २०१६नंतर डेटा कवडीमोल झाला. तिसऱ्या अटीचे कौतुक कशाला? या आक्षेपाचे उत्तर आजचे राहनाळच देते. राहनाळ, काल्हेर, पूर्णा हा पट्टा आज देशातल्या मोठ्या गोदामपट्ट्यांपैकी एक आहे. मुंबई-ठाण्यात मोबाइलवर दिलेल्या ऑर्डरी या परिसरातून सुटतात. दार आहे, लिपी आहे, वेग तर जुहूच्या त्या लाइनच्या हजारो पट आहे. तरी या जाळ्यावरून गावात येते ती मुख्यतः मागणी, आणि गावातून जातो तो माल. गोदामात काम करणारा तरुण आणि न्यू जर्सीतला त्याच्या वयाचा मराठी तरुण एकाच कंपनीचे अॅप वापरतात. एकमेकांशी त्यांचा काही संबंध येत नाही. पहिल्या दोन अटी पुऱ्या होऊनही संवाद आपोआप उगवत नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा शोधायला नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रशिया आणि अमेरिका यांच्यात इतकी पत्रे गेली, जाळी उभी राहिली, आणि शेवटी काय? दोन देश पुन्हा वैरावर आले. मग असल्या उपक्रमांनी साधले काय? हा प्रश्न रास्त आहे, पण त्यात अशा जाळ्यांकडून अवाजवी अपेक्षा धरलेली आहे. लोकांची पत्रे सरकारांची धोरणे ठरवत नाहीत. त्यांनी साधते ते वेगळे: परक्या समाजाबद्दल स्वतःच्या ओळखीतून बोलू शकणारी काही हजार माणसे तयार होतात आणि संशोधनाची, शिक्षणाची काही कामे उभी राहतात. १९९१च्या त्या तीन दिवसांत रेलकॉमने सत्तापालट रोखला असे कोणी म्हणू नये. पण अधिकृत बातमीशेजारी दुसरी बातमी ठेवली, हे खरे. मराठीबाबतही मायबोली-मनोगतने अमेरिकेतली मराठी टिकवली असा दावा फुगवलेला ठरेल. त्यांनी एवढेच केले की मराठी ही संगणकावर सविस्तर वाद घालण्याची, पाककृती सांगण्याची, कादंबरीवर टीका करण्याची भाषा होऊ शकते हे वापरून दाखवले.

तिसरा आक्षेप असा की ही सारी शिकल्या-सवरल्यांची हौस होती. होतीच, आणि तिची मर्यादाही तीच होती. पण त्या मर्यादेवरचा उपाय तिच्याच अनुभवात आहे. अमेरिकेतली मराठी मंडळे आज महाराष्ट्रातल्या शाळांना संगणक देतात, ग्रंथालयांना पुस्तके देतात. हे चांगलेच आहे, फक्त ही वाट एका दिशेची आहे. भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या शाळेने आणि शिकागोतल्या एखाद्या मराठी शाळेने मिळून वर्षभराचा एक विषय घ्यावा, समजा आगरी बोली किंवा यंत्रमागाचा इतिहास, आणि त्याचे संपादन दोन्हीकडच्या शिक्षकांनी समान हक्काने करावे. खर्च नगण्य आहे. लागेल तो वेळ आणि जबाबदारी, आणि ती राहनाळच्या टोकालाही तितकीच हवी. टेनेसी आणि पुश्चिनो यांच्यात १९९४ साली मंद लाइनवर जे जमले ते आज जमत नसेल, तर त्याचे खापर इंटरनेटवर फोडता येणार नाही.