विश्लेषण : धावत्या गाडीतील प्रार्थना, हक्क कुठे संपतो, उपद्रव कुठे सुरू होतो?

लोकलमधले भजन, एक्स्प्रेसच्या डब्यातील नमाज, विमानात उभे राहून म्हटलेली प्रार्थना. यांपैकी एखाद्या प्रसंगाची चित्रफीत फिरू लागली की समाजमाध्यमांवर लगेच दोन तट पडतात. एका बाजूला ‘हा आमचा हक्क आहे’, तर दुसऱ्या बाजूला ‘गाडी काय तुमच्या मालकीची आहे का’. प्रत्यक्षात कायदा काय सांगतो, निरनिराळ्या धर्मांनी प्रवाशाला कोणती सूट दिली आहे आणि शेजारी बसलेल्याने नेमके काय करावे, याचा हा आढावा.

वाद वारंवार का उद्भवतो?

घर, मंदिर, मशीद किंवा चर्च येथे येणारा माणूस प्रार्थनेसाठीच आलेला असतो. नको असेल तर तो उठून जाऊ शकतो. गाडीत तसे नसते. आरक्षित डब्यातील प्रवाशाला आपली जागा सोडून दुसरीकडे जाता येत नाही, खच्चून भरलेल्या लोकलमध्ये तर हातही हलवता येत नाही. म्हणजे सहप्रवासी हा स्वतःहून आलेला श्रोता किंवा प्रेक्षक नसतो. वादाचे मूळ श्रद्धेत कमी आणि या अडचणीत अधिक आहे. मात्र चर्चा नेमकी उलट होते. कोणाची वाट अडली, कोणाची झोप मोडली, हे बाजूला राहते आणि प्रार्थना कोणत्या धर्माची होती, यावर मत ठरते.

अलीकडची कोणती प्रकरणे गाजली?

ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात सत्याग्रह एक्स्प्रेसच्या शयनयान डब्यात चार जण बाकांमधल्या वाटेत नमाज पढत असल्याची चित्रफीत पसरली. येण्याजाण्याची वाट अडली, अशी तक्रार होती आणि रेल्वे पोलिसांनी चौकशी सुरू केली.

त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये वाराणसी-इंदूर काशी महाकाल एक्स्प्रेसच्या बी-५ डब्यातील ६४ क्रमांकाच्या आसनावर शंकराचे छोटे मंदिर मांडण्यात आले होते. सरकारी गाडीत एका धर्माचे देवस्थान कसे, असा प्रश्न विचारला गेला. ही मांडणी केवळ उद्घाटनाच्या पूजेपुरती होती, असा खुलासा नंतर करण्यात आला.

जून २०२३ मध्ये बरेलीहून दिल्लीला निघालेली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाची बस दोन प्रवाशांच्या नमाजासाठी काही मिनिटे महामार्गावर थांबवली गेली. चित्रफीत पसरताच कंत्राटी वाहकाची नोकरी गेली. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकात प्रवासी बसलेले असताना बस वाटेत थांबवून नमाज पढणाऱ्या चालकाला निलंबित करण्यात आले. ही दोन्ही प्रकरणे सारखी वाटली तरी त्यात फरक आहे. पहिल्यात प्रवाशांची विनंती कर्मचाऱ्याने मान्य केली, दुसऱ्यात कामावर असलेल्या चालकानेच वेळ घेतला. काही मिनिटांच्या थांब्याची किंमत एखाद्याच्या रोजीरोटीएवढी असावी का, हा प्रश्न पहिल्या प्रकरणात अधिक टोचणारा आहे.

मुंबईच्या लोकलमधील भजनाचे काय?

मुंबईकरांना हा विषय चित्रफितीतून कळत नाही, तो रोजच्या अनुभवाचा आहे. विरार, कर्जत, कसारा अशा लांबच्या गाड्यांत भजनी मंडळे वर्षानुवर्षे आहेत. ठरलेला डबा, ठरलेली माणसे, टाळ, ढोलकी, कधी पत्र्यावर धरलेला ठेका आणि शेवटी प्रसाद. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवून पूजाही होते. दिवसातले तीन-चार तास प्रवासात घालवणाऱ्या नोकरदारांसाठी हाच काय तो सोबतीचा आणि विरंगुळ्याचा वेळ असतो. गटातला एखादा दोन दिवस दिसला नाही तर चौकशीचा फोन जातो, अडीअडचणीला वर्गणी काढली जाते. ही बाजू नाकारता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच डब्यात रात्रपाळी करून परतणारी परिचारिका असते, परीक्षेला निघालेला विद्यार्थी असतो, डोके दुखत असलेला ज्येष्ठ नागरिक असतो. जागा ‘आमच्या माणसासाठी’ अडवली जाते तेव्हा नवख्या प्रवाशाला भजन नव्हे, दादागिरी दिसते. बहुतेक जण बोलत नाहीत. देवाच्या नावाला विरोध केल्यासारखे दिसेल, अशी भीती असते. गप्प बसणे म्हणजे संमती, असा अर्थ मंडळांनी काढू नये.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नुसार प्रत्येकाला धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य आहे. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. रेल्वे कायदा, १९८९ मध्ये प्रार्थना करणे हा गुन्हा नाही. त्याच कायद्याचे कलम १४५ मात्र उपद्रव करणे, तसेच रेल्वेने पुरवलेल्या सोयींमध्ये अडथळा आणून इतरांच्या सुखकर प्रवासात बाधा आणणे, याला गुन्हा ठरवते. म्हणजे कायदा प्रार्थनेचा धर्म पाहत नाही, तिचा परिणाम पाहतो. जागेवर बसून जप करणारा, पोथी वाचणारा किंवा नमाज पढणारा कोणताही नियम मोडत नाही. दरवाजा अडवणारा मोडू शकतो, मग तो पत्ते खेळत असो वा आरती म्हणत असो.

आवाजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्ये चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात स्पष्ट केले की, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी, असे कोणताही धर्म सांगत नाही. ध्वनिवर्धकाचा वापर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये म्हटले. हे निकाल गाड्यांविषयी नसले तरी त्यामागील तत्त्व गाडीतही लागू पडते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत रात्री १० नंतर मोठ्याने बोलणे, इअरफोनशिवाय गाणी लावणे टाळावे, असे रेल्वेचे निर्देश आहेत. मोबाइलवर लावलेली आरती किंवा प्रवचन याला अपवाद ठरत नाही.

अगरबत्ती, दिवा आणि कापूर यांची गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न सहनशीलतेचा नसून आगीचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई येथे यात्रेकरूंच्या खासगी आरक्षित डब्यात बेकायदा नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि किमान ९ जणांचा मृत्यू झाला. बंद डब्यात ज्योत पेटवण्याचा हट्ट कितीही भक्तिभावाने केला तरी धोका कमी होत नाही.

धर्मांनी प्रवाशाला कोणती सूट दिली आहे?

प्रवासात नित्यनेम तंतोतंत पाळता येत नाही, हे बहुतेक परंपरांनी फार पूर्वीच ओळखले आहे. इस्लाममध्ये प्रवाशाला चार रकातींची नमाज दोन रकातींत पूर्ण करता येते, त्याला ‘कस्र’ म्हणतात. काही पंथांत दोन वेळच्या नमाजा एकत्र करण्याचीही मुभा आहे. उभे राहणे शक्य नसेल तर बसून नमाज पढता येते. हिंदू परंपरेत मानसपूजा आहे, तिला फूल, घंटा, दिवा काहीच लागत नाही. वारकरी संप्रदायाने तर नामस्मरणाला स्थळकाळाचे बंधनच ठेवले नाही. विमानात इतरांना त्रास होत असेल तर जागेवर बसूनच प्रार्थना करावी, असा सल्ला ज्यू धर्मगुरूंनीही दिलेला आहे. म्हणजे सहप्रवाशाची सोय पाहिली तर श्रद्धा कमी पडते, असे मानण्याचे कारण नाही.

अनोळखी प्रार्थनेची भीती का वाटते?

त्रास झाला नाही तरी भीती वाटू शकते. जानेवारी २०१० मध्ये न्यूयॉर्कहून लुइव्हिलला निघालेले विमान मध्येच फिलाडेल्फियाला उतरवण्यात आले. कारण, १७ वर्षांच्या एका ज्यू मुलाने सकाळच्या प्रार्थनेसाठी दंडाला आणि कपाळाला चामडी पट्ट्यांनी छोट्या काळ्या पेट्या बांधल्या होत्या. या पेट्यांत धर्मवचने असतात. कर्मचाऱ्यांना ते माहीत नव्हते, त्यांना ती घातक वस्तू वाटली. नोव्हेंबर २००६ मध्ये मिनियापोलिस येथे विमानात बसण्यापूर्वी नमाज पढलेल्या सहा इमामांना त्यांच्या वागण्याचा संशय आल्याने विमानातून उतरवण्यात आले. ते न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये तडजोड झाली.

पहिल्या प्रसंगात आधी एक वाक्य बोलले गेले असते, तर कदाचित विमान वळवावे लागले नसते. ‘मी पाच मिनिटे प्रार्थना करणार आहे, चालेल ना?’ एवढे विचारले की शेजाऱ्याला अंदाज येतो आणि आपल्याला विचारले गेले, याचे समाधानही मिळते. अर्थात संशय दूर करण्याचे ओझे नेहमी अल्पसंख्याकावरच का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात आणि आपल्या सामान्यज्ञानात आहे.

वेगळी जागा हा उपाय आहे का?

काही प्रमाणात आहे. बोस्टनच्या लोगन विमानतळावर १९५१ मध्ये चॅपल उभे राहिले. मुळात ते विमानतळावरील कॅथलिक कामगारांसाठी होते. आज जगातील अनेक मोठ्या विमानतळांवर सर्व धर्मांसाठी समाईक प्रार्थनाकक्ष असतात. दिल्ली, मुंबईसारख्या विमानतळांवरही अशी सोय आहे. तेथे मूर्ती किंवा चिन्हे नसतात, शांत जागा असते. मात्र ही सोय विमान प्रवाशापुरती आहे. लोकलमध्ये किंवा एसटीत वेगळा कक्ष शक्य नाही. तेथे जेवणाचा थांबा, स्थानकाचा कोपरा किंवा स्वतःची जागा एवढेच हाती उरते. म्हणून तेथे नियमांपेक्षा रीतभात अधिक कामाची.

मग साधी रीत कोणती?

प्रार्थना करणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात. वाट, दरवाजा आणि स्वच्छतागृहाकडे जाणारा मार्ग मोकळा आहे का? आवाज आपल्या बाकाबाहेर जातो का? गाडी, बस किंवा इतरांचा वेळ आपल्यासाठी थांबतो का? आणि शेजाऱ्याला नको असेल तर त्याला दूर जाता येते का? विमानात आसनपट्ट्याची खूण पेटली असेल तर जागेवरच बसावे. कर्मचाऱ्यांच्या सूचना पाळणे बंधनकारक आहे.

पाहणाऱ्यासाठीही रीत आहे. आपल्याला खरोखर त्रास होतो आहे का, की केवळ खटकते आहे, हे आधी स्वतःला विचारावे. शांतपणे बसून जप करणाऱ्याकडे टक लावून पाहू नये. वाट हवी असेल तर ‘जरा जाऊ देता का?’ म्हणावे. आवाजाचा त्रास असेल तर आधी विनंती करावी, नंतर तिकीट तपासनीसाला सांगावे किंवा रेल्वेच्या १३९ क्रमांकावर तक्रार करावी. मोबाइल काढून चित्रीकरण करणे ही तक्रार नव्हे. त्यातून वाट मोकळी होत नाही, मात्र एखाद्याची नोकरी जाऊ शकते आणि डब्यातले वातावरण मात्र नक्की बिघडते.

एक पडताळा कोणालाही करता येतो. जे दृश्य पाहून राग आला, त्यात आपल्याच धर्माची माणसे आहेत, अशी कल्पना करावी. जे दृश्य पाहून कौतुक वाटले, त्यात दुसऱ्या धर्माची माणसे बसवावीत. मत बदलले, तर आपला आक्षेप गैरसोयीला नव्हता, हे समजावे. मत तसेच राहिले, तर ते निःसंकोच बोलून दाखवावे. भजनी मंडळाला ‘दादा, आज जरा हळू’ म्हणता आले पाहिजे आणि बाजूच्या बाकावर नमाजाला बसलेल्याला पाय ठेवायला जागाही करून देता आली पाहिजे. एकाच डब्यातून रोज जायचे असेल तर ही दोन्ही वाक्ये लागतात.