पाण्याबाहेर जन्मणारा बेडूक

आमच्या पूर्णेत बेडूक म्हटला की पाणी आलंच. मिरगाच्या सरी पडल्या, नदीकाठची डबकी भरली, की पिवळेधमक नर रात्रभर घसा फुगवून ओरडतात. ते ऐकून आमचे अब्बा म्हणत, 'आता तिफण काढा.' पाऊस लांबला तर पोरं मुसळाला बेडूक बांधून धोंडी काढत, दारोदार पाणी मागत. आधी डबकं, त्यात अंडी, मग शेपटीचा बेडूकमासा आणि शेवटी बेडूक, हा धडा आपण शाळेतही पाठ केला.

या धड्यात न बसणारा एक बेडूक महाराष्ट्रातच आहे. सावंतवाडीहून घाट चढून गेलं, की सुमारे ७०० मीटर उंचीवर आंबोली लागते. हिरण्यकेशी नदी तिथेच उगम पावते. तिथल्या रानात हा झुडपी बेडूक राहतो. आकाराने अंगठ्याएवढा, बोटांची टोकं चपटी, त्यामुळे पानाला घट्ट धरून बसणारा. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोस्युत या संशोधकांनी २००९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि त्याला आंबोलीचंच नाव दिलं. पुढे कर्नाटकातल्या सह्याद्रीतही तो आढळला. त्याचे बहुतेक भाऊबंद मात्र श्रीलंकेत आहेत.

त्याची खरी नवलाई जन्मात आहे. या कुळातली मादी पाण्याबाहेर, ओलसर जागी अंडी घालते. बेडूकमाशाची सगळी अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतो तो चार पायांचा इवलासा बेडूक. म्हणजे त्याला डबकं लागत नाही, सावली आणि ओल लागते. ऊन थेट जमिनीवर पोचलं, की अंडी वाळलीच.

आंबोलीतच त्याचा एक शेजारी आहे, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला भेक. त्याचीही नोंद २००९ चीच. तो सड्यावरच्या कातळात साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. एकाच गावातले दोन जीव, पण एकाला कातळ हवा, दुसऱ्याला झाडी. म्हणून 'एक तळं राखलं, बेडूक वाचले' असा सोपा हिशेब इथे चालत नाही.

१९८७ साली आपल्या देशाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. मोठ्या बेडकांना त्याचा आधार झाला. झुडपी बेडकाला मात्र कुणी खात नाही. त्याची जागा खाल्ली जाते. झुडपं साफ होतात, पाचोळा पेटवला जातो, रस्ते रुंद होतात. ऐन पावसाळ्यात, बेडकांच्या विणीच्या दिवसांतच, पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते आणि ओल्या रस्त्यावर आलेले जीव चाकाखाली जातात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या दर पाच जातींपैकी दोन धोक्यात असल्याचं दिसलं. त्यांना सर्वांत मोठा फटका अधिवास गेल्याने बसला आहे.

कवी लोक पाचोळ्याला नेहमी मरणाशी जोडतात. आंबोलीच्या रानात तोच पाचोळा ओल धरून ठेवतो, त्यातल्या किड्यांवर बेडूक पोसतात. तिथे उपाय फार खर्चाचा नाही. झुडपं राहू द्यावीत, पाचोळा पेटवू नये, पावसाळी रात्री घाटात गाडी सावकाश हाकावी. आपण पाहुणे म्हणून जाणार. निदान यजमानाला तुडवून येऊ नये.