सणांच्या क्रमाने पाहावे असे केळकर संग्रहालय

पुण्यात बाजीराव रस्त्यालगत, नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे आहे. पुणेकरांच्या तोंडी ते नुसते 'केळकर म्युझियम'. इथला खरा ऐवज आहे घरातला: दिवे, अडकित्ते, कुलपे, फण्या, दौती, वज्री, विळ्या. यातल्या बहुतेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. त्या करणाऱ्या तांबटांची, ओतारींची, सुतारांची नावे कुठे नोंदलेली नाहीत; त्यांचे हात मात्र प्रत्येक नक्षीत दिसतात.

हा संग्रह जमवला दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. 1920च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा ध्यास लागला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही. भंगारात, मोडीत निघालेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्यामुळे वाचल्या. या शोधात पत्नी कमलाबाईंची त्यांना भक्कम साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयाला त्याचे नाव दिले आणि पुढे केळकरांनी हे सारे धन महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. 1980 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

एरवी पाहुणे मजल्यांच्या क्रमाने दालने पाहतात आणि कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेल्या मस्तानी महालापाशी रेंगाळतात. पण या वस्तूंचा खरा क्रम पंचांगाचा आहे. चैत्रात गौर बसते, घरोघरी पन्हे आणि आंब्याची डाळ होते, हळदीकुंकवाला बायका जमतात. त्या दिवसांत कुंकवाचे करंडे, आंब्याच्या आकाराच्या कुयऱ्या, अत्तरदाण्या आणि गुलाबदाण्या पाहाव्यात. पाहुणीचे स्वागत ही केवढी निगुतीची गोष्ट होती, ते तिथे समजते. नागपंचमीला चिरणे-कापणे वर्ज्य, म्हणून विळीला सुट्टी. स्वयंपाकघरातल्या अवजारांसमोर नातवंडांना ही रीत सांगितली, तर ती लगेच ध्यानात राहते.

सर्वांत समृद्ध दिवस आषाढ अमावास्येचा, दिव्यांच्या अवसेचा. घरातले सगळे दिवे चिंच लावून घासायचे, पाटावर मांडायचे आणि पुजायचे, अशी ही प्रथा. केळकरांच्या संग्रहातले दिवे पाहिले की ही पूजा कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही. साखळीला टांगलेले लामणदिवे, हातात पणती धरून उभ्या दीपलक्ष्मी, समया, निरांजने. तेल किती मावावे, वात कुठे टेकावी, ओघळ कुठे झेलावा, या रोजच्या अडचणी सोडवताना कारागिराने मोर आणि हत्तीही घडवले. उपयोग आणि सौंदर्य यांची फारकत त्याला ठाऊकच नव्हती. अडकित्त्यांचेही तेच. सुपारी कातरायच्या दोन पात्यांतून त्याने घोडेस्वार आणि राघू काढले. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या सुमारास वज्री पाहाव्यात. टाचा घासायच्या साध्या साधनावरही पशुपक्षी बसवलेले आहेत.

संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतल्या साधारण अडीच हजारच एका वेळी मांडलेल्या दिसतात. बाकीचा ठेवा कोठारात असतो. म्हणूनच सणावारांनुसार पालटणारी छोटी प्रदर्शने इथे शोभतील: चैत्रात हळदीकुंकवाचा सरंजाम, आषाढात दिवे, आश्विनात सरस्वतीपूजनाच्या वेळी दौती आणि कलमदाने. शेजारच्या पेठांतल्या आज्यांना त्या दिवशी सन्मानाने बोलवावे. वस्तू कशी धरायची, कशाने घासायची, कोणत्या दिवशी बाहेर काढायची, हे ज्ञान पाटीवरच्या दोन ओळींत मावत नाही. ते ज्यांच्या हातांत आहे त्यांच्याकडून आत्ताच ऐकून, नोंदवून ठेवायला हवे. केळकरांनी वस्तू वाचवल्या. त्यांच्या वापराची आठवण वाचवणे हे आता आपले, पुण्यातल्या प्रत्येक घराचे काम आहे.