कपात नव्या गाडीला, चाट जुन्या गाडीला

खडवलीत गाडी लागते ती मिरवायला नाही. कसाऱ्याची लोकल चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं, आणि रात्री कुणाला कल्याणला दवाखान्यात न्यायचं तर स्वतःचं चाक हवंच. म्हणून इथल्या पुष्कळ घरांतली पहिली गाडी सेकंडहॅण्ड असते: एमएच 05 पाटीची, तीन-चार लाखांतली. 2025 या एका वर्षात गाड्यांवरच्या करांचे नियम तीनदा बदलले. ज्या बदलाची लोकांनी धास्ती घेतली, त्याची झळ घरगुती विक्रेत्याला थेट बसलीच नाही. ज्याचं त्यांनी स्वागत केलं, त्याने मात्र त्याचा खिसा कापला.

धास्तीचं आधी बघू. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि सगळ्या जुन्या गाड्यांच्या विक्रीवर सरसकट 18 टक्के कर ठरला; लागू झाला तो 2025 मध्ये. लहान गाड्यांना आधी 12 टक्के होता. मोबाइलवर लगेच गणितं फिरू लागली, की चार लाखांची गाडी विकली तर 72 हजार सरकारला! तसं काही नव्हतं. हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला आहे, आणि तोही गाडीच्या किमतीवर नाही, त्याच्या नफ्यावर. नोंदणी नसलेल्या माणसाने शेजाऱ्याला गाडी विकली किंवा डीलरला दिली, तर त्याला यातला एक रुपयाही लागत नाही.

डीलरचा हिशेब असा. 3 लाख 60 हजारांना घेतलेली गाडी त्याने 4 लाख 10 हजारांना विकली, तर कर 50 हजारांवर: पूर्वी 6 हजार, आता 9 हजार. गोम अशी की मधल्या काळात त्याने डेंटिंग-पेंटिंगला, टायरला वीस हजार घातले असतील, तर ते या 50 हजारांतून वजा होत नाहीत. म्हणजे खर्चावरही कर. तो हे तीन हजार स्वतः सोसणार नाही, हे सांगायला नको. एक तर तुमची गाडी घेताना कापेल, नाही तर पुढच्या गिऱ्हाइकाला लावेल.

वीटभट्टीवाले, ठेकेदार यांची गोष्ट वेगळी. गाडी फर्मच्या नावावर असेल आणि आयकरात घसारा दाखवला असेल, तर विक्रीची रक्कम पुस्तकातल्या उरलेल्या किमतीपेक्षा जितकी जास्त, तितक्यावर 18 टक्के भरावे लागतात. विक्री त्याहून कमीला झाली तर कर नाही. सीएला विचारल्याशिवाय अशा गाडीचा सौदा करू नये.

आता स्वागताचं. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि सेसही गेला. लहान म्हणजे चार मीटरच्या आतली. पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. त्या दिवशी घटस्थापना होती. पितृपक्षात एरवीही कोणी गाडी घेत नाही, त्यामुळे सरकारने मुहूर्त बरोबर साधला म्हणायचा.

साडेदहा लाख शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घ्या. कंपनीने पूर्ण कपात दिली तर ती 9 लाख 60 हजारांवर येते. आरटीओचा वन टाइम टॅक्स या करासहित किमतीवर बसतो, आणि महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत 12. गाडी दहा लाखांच्या खाली उतरली की टक्काही बदलतो. 1 लाख 26 हजारांऐवजी साधारण 1 लाख 5 हजार 600. दोन्ही मिळून एक लाख दहा हजारांच्या घरात बचत.

मग ज्याच्या दारात तशीच दोन वर्षांची गाडी उभी आहे, त्याचं काय? गिऱ्हाईक जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या आजच्या ऑन रोड आकड्यावरून धरतं, तुम्ही भरलेल्या पावतीवरून नाही. ‘नवीच एवढ्यात मिळते, तर जुनीला इतके कशाला?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. जादा दराने भरलेला वन टाइम टॅक्स परत मिळत नाही, तो गाडीबरोबरच जातो. राज्यातल्या राज्यात गाडी नावावर करताना घेणाऱ्याला तो पुन्हा भरावा लागत नाही, एवढाच काय तो घासाघिशीतला मुद्दा.

सीएनजीवाल्यांचं वर्ष आणखी मजेशीर गेलं. राज्याने 1 जुलैपासून त्यांचा वन टाइम टॅक्स एक टक्क्याने वाढवला. सर्वांत खालचा दर 7 चा 8 झाला. नऊ लाखांच्या गाडीला 63 हजारांचे 72 हजार झाले, आणि सप्टेंबरात जीएसटी उतरल्यावर तेच 66 हजारांच्या आसपास आले. जुलै ते सप्टेंबर या पावणेतीन महिन्यांत गाडी घेणाऱ्याला दोन्हींकडून मार बसला. प्रदूषण कमी म्हणून सीएनजी घ्या सांगायचं आणि तिच्याच करात वाढ करायची, हे मला तरी पटलेलं नाही.

आणि फार जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेताना आरसीवरची तारीख बघा. पंधरा वर्षं उलटलेल्या पेट्रोल गाडीला पुन्हा पासिंग करताना राज्याचा पर्यावरण कर 3 हजार, शिवाय केंद्राचं नोंदणी नूतनीकरण शुल्क 5 हजार. गाडी वीस वर्षांपुढची असेल, तर ऑगस्ट 2025 पासून हे शुल्क 10 हजार आहे. चाळीस हजारांच्या गाडीवर असा भार पडणार असेल, तर तो आधी सौद्यातून वजा करून घ्यावा आणि मगच फॉर्म 29, 30 वर सह्या कराव्यात.