निश्चयकाचा सराव: विस्ताराकडून ओळींच्या क्रियांकडे

संकल्पना

ओळी आणि स्तंभ यांची संख्या समान असलेल्या चौरस मॅट्रिक्सला ठरावीक नियमाने जोडलेली संख्या म्हणजे तिचा निश्चयक. (3, 1) आणि (1, 2) या ओळींचा निश्चयक 3×2 − 1×1 = 5. या दोन सदिशांनी बनणाऱ्या समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळही 5 च भरते. तिसऱ्या कोटीत, म्हणजे 3×3 मॅट्रिक्समध्ये, क्षेत्रफळाची जागा घनफळ घेते. धन-ऋण चिन्हावरून फक्त सदिशांचा दिशाक्रम कळतो. जपानमध्ये सेकी ताकाकाझु (1683) आणि युरोपात लायब्निझ (1693) यांना मात्र ही संख्या समीकरणांवर काम करताना गवसली.

विस्तार

एखाद्या ओळीने विस्तार करणे ही पहिली रीत: ओळीतील प्रत्येक घटकाला त्याची ओळ आणि स्तंभ वगळून उरणाऱ्या लहान निश्चयकाने गुणायचे आणि आलटून-पालटून चिन्हे देऊन बेरीज करायची. तिसऱ्या कोटीत 6 पदे, चौथ्या कोटीत 24, दहाव्या कोटीत 36,28,800. ओळीत बरीच शून्ये असतील तरच मोठ्या कोटीत ही रीत परवडते.

ओळींच्या क्रिया

सरावाचा खरा भर इथे हवा. दोन ओळींची अदलाबदल केली की चिन्ह बदलते. एका ओळीला k ने गुणले की निश्चयकही k पट होतो. एका ओळीची पट दुसरीत मिळवली तर किंमत तीच राहते. (2, 1, 3), (4, 5, 7), (6, 9, 14) या ओळी घेऊ. दुसरीतून पहिलीची दुप्पट आणि तिसरीतून पहिलीची तिप्पट वजा केल्यास (0, 3, 1) आणि (0, 6, 5) उरतात. तिसरीतून नव्या दुसरीची दुप्पट वजा केल्यास (0, 0, 3). आता कर्णाखाली फक्त शून्ये असल्याने कर्णावरील घटकांचा गुणाकार 2×3×3 = 18 हेच उत्तर. पहिल्या ओळीने विस्तार केल्यास 14 − 14 + 18, म्हणजे तेच. असा पडताळा प्रत्येक उदाहरणात घ्यावा. नेहमीची चूक एकच: दुसऱ्या ओळीला आधी 2 ने गुणून मग पहिली वजा करणे. त्यात निश्चयक नकळत दुप्पट होतो.

शून्य किंमत

निश्चयक शून्य असणे, ओळी परस्परावलंबी असणे, व्यस्त मॅट्रिक्स नसणे आणि समीकरणांना एकमेव उकल नसणे ही एकाच वस्तुस्थितीची चार रूपे. नुसती किंमत काढून थांबणारा सराव म्हणूनच अपुरा. शून्य आल्यावर कोणती ओळ कशावर अवलंबून आहे, हेही शोधायला हवे.

मर्यादा

गुणाकाराचा निश्चयक निश्चयकांच्या गुणाकाराइतका असतो. बेरजेला हा नियम लागत नाही. निश्चयकांच्या भागाकाराने समीकरणे सोडवण्याची क्रेमरची पद्धत (1750) दोन-तीन चलांसाठी सोयीची, पुढे खर्चिक. निश्चयक अगदी लहान आला म्हणून मॅट्रिक्स शून्य-निश्चयकाच्या जवळ आहे असेही म्हणता येत नाही: कर्णावर सर्वत्र 0.1 आणि बाकी शून्ये असलेल्या दहाव्या कोटीच्या मॅट्रिक्सचा निश्चयक 0.0000000001 एवढाच असतो, तरी तिचा व्यस्त कर्णावर 10 लिहून लगेच मिळतो.